खडूपासून मॅर्लपर्यंत : शैवालांनी घडवलेल्या चुनखडकाच्या मागावर सहा दिवस

माझा थोरला भाऊ आयुष्यभर भूशास्त्र शिकवत आला आणि मी वनस्पतिशास्त्र. चुनखडक आणि शैवाल यांच्या नात्याची आम्हा दोघांच्याही क्रमिक पुस्तकांनी एकेका वाक्यात बोळवण केलेली आहे. त्याच्या पुस्तकात ‘काही चुनखडकांच्या निर्मितीत शैवालांचा वाटा असतो’ असे एक वाक्य येते, आणि माझ्या पुस्तकात शैवालांच्या उपयोगांच्या यादीत शेवटून दुसरा मुद्दा ‘चुनखडकाची निर्मिती’ हा असतो. हा वाटा केवढा आणि शैवाल चुना करते तरी कसे, याबद्दल दोन्ही पुस्तके गप्प आहेत. निवृत्तीनंतर आम्ही इंग्लंडचा दक्षिण किनारा निवडला तो एवढ्यासाठीच, की पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना या प्रश्नाची तीन अगदी वेगळी उत्तरे तिथे उघड्यावर पाहायला मिळतात. दादाने आपली नेहमीची क्षेत्रवही बरोबर घेतली. तिच्या प्रत्येक पानावर स्थळ, खडक, वय आणि शेरा असे चार रकाने आखलेले असतात. मी घडीचा छोटा सूक्ष्मदर्शक, थोड्या काचपट्ट्या आणि ध्रुवीकारक (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश तेवढा जाऊ देणाऱ्या) फिल्मचे दोन तुकडे घेतले.

दिवस पहिला : सेंट मार्गारेट्स बे

डोव्हरचे कडे बोटीतून पाहिले की पांढरेशुभ्र दिसतात, परंतु पायथ्याच्या किनाऱ्यावरून पाहिले की त्यांचा रंग किंचित पिवळट, ओलसर आणि जागोजागी हिरवट आहे हे लक्षात येते. खरा पांढरा रंग फक्त नुकताच खडक कोसळलेल्या ठिकाणी दिसतो. तो हिरवटपणा म्हणजे आजची, जिवंत शैवाले. मेलेल्या शैवालांच्या भिंतीवर जिवंत शैवालांनी बस्तान बसवावे, ही गंमत पहिल्याच तासाला पाहायला मिळाली.

डोव्हरच्या ईशान्येला असलेल्या या छोट्या किनाऱ्यावर आम्ही कड्यापासून अंतर राखूनच फिरलो, कारण हा खडक पूर्वसूचना न देता ढासळतो. लाटांनी गोल केलेले चॉकचे, म्हणजे खडूच्या मऊ चुनखडकाचे, गोटे पाण्याच्या रेषेजवळ हवे तेवढे पडलेले होते. त्यांतला एक हातात घेतला तर अपेक्षेपेक्षा हलका लागला, बोटे पांढरी झाली आणि जिभेच्या टोकाला लावल्यावर तो चक्क जिभेला चिकटला. दादाने लगेच कारण सांगितले : या खडकाच्या आकारमानात शंभरातले चाळीस भाग रिकामे असू शकतात आणि त्या सूक्ष्म पोकळ्या ओलावा ओढून घेतात. व्हिनेगरचा थेंब टाकताच तो फसफसला. मात्र ही परीक्षा कोणत्याही चुनखडकाला लागू पडते. चुना कोणी केला हे त्यावरून कळत नाही.

ते कळण्यासाठी रात्र व्हावी लागली. गोट्यावर नख घासून आलेली पूड मी पाण्याच्या थेंबात कालवली, वर आच्छादन काच ठेवली आणि चारशे पटींनी मोठे करून पाहिले. सुरुवातीला दिसली ती फक्त थरथरणारी धूळ. मग फिल्मचा एक तुकडा काचपट्टीखाली आणि दुसरा नेत्रिकेवर ठेवून तो हळूहळू फिरवत गेले, तेव्हा पार्श्वभूमी काळीभोर झाली आणि त्या काळोखात असंख्य ठिपके चमकू लागले. त्यांतल्या मोठ्यांकडे डोळे ताणून पाहिले तर प्रत्येक ठिपका म्हणजे एक गोल चकती होती आणि तिच्यावर भिंगरीच्या पात्यांसारखी काळी फुली होती. कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे स्फटिक वर्तुळात चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले असले तरच अशी फुली उमटते. सरधोपटपणे साचलेल्या चुन्याच्या चिखलात असली मांडणी आपोआप होत नाही.

या चकत्यांना कॉकोलिथ म्हणतात, आणि त्या ज्यांच्या अंगावर असतात त्या एकपेशीय, तपकिरी-सोनेरी, समुद्रात तरंगणाऱ्या शैवालांना कॉकोलिथोफोर. चकतीचा व्यास साधारण दोन ते दहा मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात शंभर ते पाचशे चकत्या शेजारी शेजारी मांडता येतील. मला सर्वांत नवल वाटते ते त्यांच्या जडणघडणीचे. चकती पेशीच्या आत, गॉल्गी पिंड या पेशीतल्या अंगकापासून निघालेल्या एका पिशवीत तयार होते. आधी सेंद्रिय पदार्थाची एक पातळ तबकडी बनते. तिच्या काठावर कॅल्साइटचे स्फटिक एकाआड एक दोन वेगवेगळ्या दिशांनी उगवतात, वाढताना एकमेकांत अडकतात आणि पूर्ण झालेली चकती पेशीच्या पटलातून बाहेर सरकवली जाते. आजच्या समुद्रातली सर्वपरिचित जाती एमिलियानिया हक्सलेयी अशी एक चकती साधारण एक-दोन तासांत तयार करते. पेशीचे चिलखत अनेक चकत्यांचे असते आणि पेशी मेली की ते विखुरते.

दादाने वहीत लिहिले : स्थळ, सेंट मार्गारेट्स बे, खडक, चॉक, वय, क्रिटेशस कालखंडाचा उत्तरार्ध. शेऱ्याच्या रकान्यात त्याने ‘पेशीच्या आत’ असे लिहून त्याखाली रेघ मारली. पहिले उत्तर ते.

दिवस दुसरा : बर्लिंग गॅप आणि सेव्हन सिस्टर्स

क्रिटेशस हे नावच मुळी खडूवरून आले आहे. लॅटिनमध्ये क्रेटा म्हणजे खडू, आणि बेल्जियन भूशास्त्रज्ञ दोमालियस दाल्वा यांनी १८२२ मध्ये या थरांना ते नाव दिले. एखाद्या भूशास्त्रीय कालखंडाची ओळख शैवालांच्या अवशेषांवरून व्हावी, ही माझ्या विषयाची बढाई मी सकाळच्या बसमध्येच मारून घेतली.

बर्लिंग गॅपच्या जिन्याने खाली उतरल्यावर कड्यांची ओळ पश्चिमेकडे पसरत जाते. पूर्वेला बीची हेड १६२ मीटर उंच आहे; ब्रिटनमधला चॉकचा हा सर्वांत उंच सागरी कडा. इथला चॉक सुमारे साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. आदल्या रात्री वारा जोरात होता, त्यामुळे किनाऱ्यालगतचे पाणी दुधाळ झालेले होते. कधीकाळी समुद्रातून खाली बसलेली पूड पुन्हा समुद्रात मिसळत होती.

इथे आम्ही हिशेब मांडला. चॉक साचण्याचा वेग ठोकळमानाने हजार वर्षांना दोन-तीन सेंटिमीटर धरला, तर शंभर मीटर उंचीच्या कड्याला सुमारे चाळीस लाख वर्षे लागतात. माझी एक वीत म्हणजे आठ हजार वर्षे झाली. कड्यातून सुटून पडलेल्या एका शिळेवर मी वीत ठेवली आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या अंतरात आख्खा लिखित इतिहास बसून वर जागा उरते हे पाहून बराच वेळ हात उचलला नाही.

मात्र या हिशेबात एक अडचण आहे, आणि ती मला आधी माहीत नव्हती. सुटी चकती पाण्यात दिवसाला वीतभरही खाली जात नाही. चॉकचा समुद्र काही शे मीटर खोल होता. तेवढे अंतर कापायला एका चकतीला कित्येक वर्षे लागली असती, आणि तोवर प्रवाहांनी तिला कुठच्या कुठे नेले असते, काही ठिकाणी तर ती विरघळूनही गेली असती. असे असूनही चॉकच्या थरांत चकत्या चांगल्या शाबूत आणि मुबलक सापडतात, कारण त्यांतला मोठा भाग लेंड्यांच्या स्वरूपात खाली आला. कोपेपॉडसारखे बारीक प्राणी ही शैवाले खातात, पेशी पचते, पण चकत्या बहुतांशी तशाच बाहेर पडतात, आणि त्यांची घट्ट बांधलेली लेंडी दिवसाला शंभर मीटरच्या हिशेबाने खाली बसते. इंग्लंडच्या ज्या शुभ्र कड्यांचे एवढे कौतुक होते, त्यांच्या घडणीत विष्ठेचा असा मोठा हातभार आहे.

चॉकमध्ये आडव्या रांगांनी काळ्या चकमकीचे गोळे दिसतात. तो प्रांत सिलिकाचा आणि मुख्यतः स्पंजांचा, म्हणून त्यावर जास्त रेंगाळले नाही.

दादाच्या मनात वेगळाच प्रश्न होता : साडेआठ कोटी वर्षे झाली तरी हा दगड नखाने खरवडता येतो, तो अजून मऊ का? त्याचे उत्तरही शैवालांपाशीच जाते. कॅल्शियम कार्बोनेटचे दोन प्रकार निसर्गात सर्रास आढळतात, अॅरागोनाइट आणि कॅल्साइट. अॅरागोनाइट अस्थिर असतो. गाळ गाडला गेला किंवा त्यात गोडे पाणी शिरले की तो विरघळतो आणि त्याच जागी कॅल्साइट होऊन बसतो. हा नव्याने बसलेला कॅल्साइट कणांना सिमेंटसारखा जखडतो, म्हणून अॅरागोनाइटच्या चिखलापासून झालेला चुनखडक टणक निघतो. कॉकोलिथ मात्र सुरुवातीपासूनच मॅग्नेशियम कमी असलेल्या, स्थिर कॅल्साइटचे असतात. त्यांना विरघळायचे फारसे कारण पडत नाही, त्यामुळे सिमेंटही कमी तयार होते आणि पोकळ्या राहून जातात. ‘म्हणजे मी काल जिभेला चिकटवला तो दगड तुझ्या शैवालांच्या चांगल्या कारागिरीमुळे ठिसूळ राहिला,’ दादा म्हणाला. हे कौतुक होते की तक्रार, ते मी विचारले नाही.

दिवस तिसरा : लुलवर्थ

हा दिवस माझ्या हलगर्जीपणामुळे अर्धा वाया गेला. जीवाश्म वनाची, म्हणजे प्राचीन झाडांच्या दगडी खुणांची, जागा लष्करी सराव क्षेत्रात येते आणि ती बहुतेक शनिवार-रविवारीच लोकांसाठी खुली असते. हे वेळापत्रक पाहण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी वार चुकले. शुक्रवारी दुपारी फाटकापाशी पोहोचलो तर लाल निशाणे फडकत होती आणि टेकडीमागून तोफांचे आवाज येत होते.

दादा काही बोलला नाही, फक्त वळून लुलवर्थ कोव्हकडे चालू लागला. ते बरेच झाले, कारण या गोल खाडीत दोन वेगवेगळ्या स्वभावांचे चुनखडक समोरासमोर उभे आहेत. समुद्राच्या तोंडाशी पोर्टलंड आणि पर्बेक चुनखडकांची कठीण भिंत आहे. लाटांनी ती एका जागी फोडली, मागची मऊ माती पोखरून काढली आणि शेवटी चॉकच्या भिंतीपाशी येऊन त्या थबकल्या. एकाच ठिकाणी उभे राहून मान फिरवली की टणक आणि ठिसूळ दोन्ही दिसतात. कालच्या चर्चेला याहून बोलके चित्र मिळाले नसते.

दिवस चौथा : जीवाश्म वन

शनिवारी निशाणे उतरलेली होती. कोव्हच्या पूर्वेला, कड्याच्या अर्ध्या उंचीवर खडकाचा एक पट्टा आहे, आणि त्यावर दगडी कडी पसरलेली आहेत. काही हातभर, काही त्याच्या दुप्पट रुंद, फुगीर काठांची आणि मध्ये खड्डा असलेली. आधी काही न सांगता कोणाला इथे आणले तर त्याला ही मोडकी जाती किंवा कोरडी कुंडे वाटतील.

सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळ संपत असताना, इथे जमिनीवर सूचिपर्णी वृक्षांचे वन होते. मग पाणी चढले आणि त्या जागी उथळ, फार खारट असे खाजण झाले. झाडे मेली, बुंधे उभे राहिले, आणि पाण्यात बुडालेल्या प्रत्येक बुंध्याभोवती सूक्ष्मजीवांची गिलगिलीत चादर चढली. तिच्यावर चुन्याचे थर बसत गेले, कडे जाड होत गेले, आतले लाकूड कुजून गेले आणि खड्डा तेवढा शिल्लक राहिला. थोडक्यात, आपण पाहतो तो झाडाभोवतीचा साचा असतो. सिलिकाने दगड झालेले काही बुंधे पूर्वी इथे होते, पण त्यातले बहुतेक आता जागेवर नाहीत.

मी एका दगडी वलयाच्या काठावर आडवी होऊन भिंग लावले. चॉकसारखी गुळगुळीत, एकजिनसी पूड इथे नव्हती. खडबडीत, भोकाभोकांचा, कुठे गुठळ्यांचा तर कुठे कांद्याच्या पापुद्र्यांसारखा पातळ थरांचा दगड होता, आणि त्या थरांत बारीक कण अडकलेले होते. बोट फिरवले तर थरांच्या कडा नखाला एकेक करून लागत होत्या.

आता शब्दांचा एक गुंता सोडवायला हवा. जुन्या पुस्तकांत या रचनांना शैवालांनी केलेला चुनखडक म्हणतात आणि कर्त्यांना नीलहरित शैवाले. आज त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात, म्हणजे ती जिवाणूंच्या कुळातली, ज्यांच्या पेशीला केंद्रकही नाही. दादा ‘सूक्ष्मजीवी चुनखडक’ असा काटेकोर शब्द वापरतो. मी मात्र वर्गात तीस वर्षे ‘नीलहरित शैवाल’ म्हणत आले, आणि त्यात माझ्या मते फार मोठे पाप नाही, कारण प्रकाश खाऊन ऑक्सिजन सोडण्याचे कसब या मंडळींकडूनच पुढे सगळ्या शैवालांकडे आणि वनस्पतींकडे गेले. आजच्या प्रत्येक हिरव्या पेशीतले हरितलवक हे मुळात आत सामावलेले सायनोबॅक्टेरियमच आहे.

काम करण्याची पद्धत मात्र कॉकोलिथोफोरांहून अगदी निराळी. इथे चुना पेशीच्या आत होत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट विरघळलेले असतात. प्रकाशसंश्लेषणासाठी पेशी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, तेव्हा त्यांच्या लगतच्या पाण्याची आम्लता कमी होते, त्यात कार्बोनेटचे प्रमाण वाढते आणि कॅल्शियम कार्बोनेट पेशींबाहेरच्या चिकट आवरणावर, आवरणात आणि आसपास साचू लागते. शिवाय ते आवरण लाटांनी आणलेला बारीक चुन्याचा गाळही धरून ठेवते. गाळाने झाकले गेल्यावर जिवंत तंतू उजेडाकडे वर सरकतात आणि नव्या पृष्ठावर पुन्हा चादर विणतात. पापुद्रे येतात ते यातून. चुना करणे हा त्यांचा उद्योगच नव्हे. त्या प्रकाश खातात, आणि चुना त्यांच्या शेजारी बसत राहतो.

खारटपणाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. अशा चादरी गोगलगायीसारख्या प्राण्यांना आयते चराऊ कुरण असते, म्हणून साध्या समुद्रात त्या सहसा टिकत नाहीत. इथले पाणी इतके खारट होते की वरच्या थरांत बाष्पीभवनाने क्षार साचल्याच्या खुणा आहेत. चरणारे फिरकत नव्हते म्हणून चादरींना उसंत मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर शार्क बेच्या हॅमेलिन पूलमध्ये आजही असे चादरींनी रचलेले थरांचे दगड, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, वाढतात, तेही याच कारणाने, कारण तिथले पाणी साध्या समुद्राच्या सुमारे दुप्पट खारट आहे. स्ट्रोमॅटोलाइट हे नाव जर्मन भूशास्त्रज्ञ एर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये दिले. प्राणी जन्माला येण्यापूर्वी मात्र त्यांना खारट कोपरे शोधावे लागत नव्हते. सुमारे साडेतीनशे कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या खडकांत त्यांच्या खुणा आहेत, आणि पृथ्वीच्या इतिहासाचा बराच मोठा भाग उथळ समुद्रांतला जैविक चुना म्हणजे यांचाच उद्योग होता.

दादाच्या वहीतला शेरा : ‘पेशीच्या बाहेर’. वयाच्या रकान्यापाशी तो थोडा थबकला, कारण हे थर जुरासिक आणि क्रिटेशस यांच्या सीमेलगतचे आहेत; शेवटी त्याने ‘जुरासिकचा शेवट’ असे लिहिले.

दिवस पाचवा : प्लिमथ

सिटाडेल टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, सागरी जीवशास्त्र संघटनेची प्रयोगशाळा १८८८ पासून उभी आहे. १८८४ मध्ये ही संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्सली होते. त्या हक्सलींची कॉकोलिथशी असलेली गाठ म्हणजे विज्ञानातल्या चुकांचा एक सुरेख धडा आहे, म्हणून आम्ही टेकडीवरच्या बाकावर बसून ती उजळणी केली.

कॉकोलिथ खडूत पहिल्यांदा पाहिले ते जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एरेनबेर्ग यांनी, १८३६ मध्ये, र्‍यूगेन बेटाच्या चॉकमध्ये. त्यांना ते निर्जीव स्फटिकांचे प्रकार वाटले. हक्सलींनी १८५८ मध्ये अटलांटिकच्या तळाच्या गाळात तेच कण पाहिले, ‘कॉकोलिथ’ हे नाव दिले, आणि त्यांनीही प्रथम ते सजीवांशी जोडले नाहीत. चकत्यांची एक बाजू खोलगट असते आणि त्या पोकळ गोलावर रचलेल्या सापडतात, तेव्हा हे सजीवाचेच काम असले पाहिजे, हे भूशास्त्रज्ञ हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८६१ मध्ये नेमकेपणाने मांडले. १८६८ मध्ये हक्सली नॉरिच इथे कामगारांसमोर खडूच्या एका तुकड्यावर व्याख्यान देत होते, आणि त्याच वर्षी त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या गाळात एक आदिम चिकट जीव शोधल्याचे जाहीर केले. कॉकोलिथ हे त्याचेच अवयव असावेत अशी कल्पना होती. १८७५ मध्ये चॅलेंजर या समुद्रसंशोधन मोहिमेवरच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की तो ‘जीव’ म्हणजे समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल घातल्यावर खाली बसणारे कॅल्शियम सल्फेट आहे. हक्सलींनी चूक मोकळेपणाने मान्य केली. आज एमिलियानिया हक्सलेयीच्या नावात ते आहेत, आणि त्यांच्या चुकीने ते नाव कमी शोभते असे मला वाटत नाही.

याच प्रयोगशाळेत शैवालतज्ज्ञ मेरी पार्क यांनी शैवालांचा जिवंत संग्रह उभा केला. १९६० मध्ये त्यांनी आयरीन अॅडम्स यांच्यासह सिद्ध केले, की आधी दोन स्वतंत्र जाती मानलेली दोन कॉकोलिथोफोर, एक पोहणारे आणि एक न पोहणारे, एकाच जीवाच्या दोन अवस्था आहेत. दोन्हींचे कॉकोलिथ इतके वेगळे असतात की खडकात सापडले असते तर भूशास्त्रज्ञांनी त्यांना दोन वेगळ्या चिठ्ठ्या लावल्या असत्या. हे ऐकून दादाने वहीत काही लिहिले नाही.

समोरच्याच समुद्रात काय घडते ते २४ जुलै १९९९ च्या उपग्रहचित्राने साऱ्या जगाला दाखवले. कॉर्नवॉलच्या दक्षिणेला पाणी दुधाळ निळे-हिरवे झाले होते : एमिलियानिया हक्सलेयीचा फुलोरा, म्हणजे एकाएकी झालेली बेसुमार वाढ. सुटलेल्या चकत्या प्रकाश परतवतात म्हणून तो अवकाशातून दिसतो. असे फुलोरे बहुधा विषाणूंच्या साथीने संपतात. पेशी फुटतात आणि चकत्यांची खैरात पाण्यात उधळली जाते. क्रिटेशस समुद्राचा एक हंगाम कसा दिसत असेल, याची कल्पना करायला हे चित्र पुरेसे आहे.

इथे हिशेबातली एक खोच सांगितली पाहिजे, कारण ‘शैवाले कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा दगड करतात’ असे सरळसोट वाक्य सगळीकडे वाचायला मिळते. प्रकाशसंश्लेषणाने तो वायू शोषला जातो, हे खरे. परंतु कॅल्शियम कार्बोनेटचा एक रेणू बनताना दोन बायकार्बोनेट खर्ची पडतात आणि त्यांतल्या एकाचा कार्बन डायऑक्साइड होऊन पाण्यात परत येतो. एका फुलोऱ्यापुरता चुन्याचा हिशेब त्यामुळे उलटा निघतो. कोट्यवधी वर्षांच्या मापाने पाहिले तर मात्र जमिनीवरचे खडक झिजून आलेला कार्बन याच मार्गाने तळाला जातो, आणि पृथ्वीच्या कवचातला सर्वांत मोठा कार्बनसाठा चुनखडकांतच आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणत्या घड्याळाने मोजतो, एवढाच प्रश्न.

तरंगणाऱ्या शैवालांनी आणखी एक उलथापालथ केली, जी दादाच्या मते त्यांची सर्वांत मोठी करामत. जुरासिकच्या आधीच्या ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धापूर्वी कॉकोलिथ सापडत नाहीत. तोवर बहुतेक चुना किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात साचत होता. ट्रायासिक ते क्रिटेशस या मध्यजीव महाकल्पात तरंगणारी चुनाधारी मंडळी पसरली आणि चुन्याची वखार भर समुद्राच्या तळाशी गेली. क्रिटेशसच्या शेवटच्या महाविनाशात कॉकोलिथोफोरांच्या दहातल्या नऊ जाती गेल्या, पण उरलेल्यांनी वंश पुढे चालवला.

दिवस सहावा : सेंट मॉज

फॅलमथहून नावेने फाल नदीमुखाच्या पलीकडे गेलो. वाटेत ज्या पाण्यावरून जातो त्याखाली सेंट मॉज बँकचा मॅर्ल आहे. मॅर्ल म्हणजे सुटी, फांद्या फुटलेली, दगडासारखी कडक लाल शैवाले. ती तळाला चिकटलेली नसतात, नुसती पडून वाढतात. वर जांभळट-गुलाबी जिवंत थर आणि खाली मेलेल्यांचा पांढुरका खच. फायमॅटोलिथॉन कॅल्केरियम ही त्यांतली मुख्य जाती. वाढ वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याएवढा गड्डा काही दशकांचा असतो. हे तळ संरक्षित आहेत, म्हणून आम्ही ओहोटीच्या रेषेवर लाटांनी टाकलेले मेलेले तुकडेच पाहिले. आल्याच्या इवल्या कुड्यांसारखे, हलके, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की चिनीमातीसारखा किणकिणाट करणारे.

चुना करण्याची ही तिसरी रीत. इथे तो पेशीच्या आत नसतो आणि बाहेरच्या पाण्यातही नसतो. तो पेशीच्या भिंतीत, तंतूंच्या जाळीवर, मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइटच्या रूपात भरला जातो. त्यामुळे शैवालाची अंतर्रचना, पेशींच्या ओळी आणि वाढीचे पट्टे, दगडात जशीच्या तशी उतरते. कॉकोलिथोफोर मेले की त्याचे भाग विखुरतात, चादरीचा फक्त साचा राहतो. लाल शैवाल मात्र अंगासकट दगड होते. म्हणूनच त्यांना बराच काळ कोणी वनस्पती मानायला तयार नव्हते. लिनियसने त्यांना प्राण्यांत घातले होते, आणि ही शैवालेच आहेत हे फिलिपी यांनी १८३७ मध्ये दाखवले.

त्यांचा वाटा किती, याचा दाखला तुवालूतल्या फुनाफुटी कंकणद्वीपात आहे. डार्विनच्या प्रवाळबेटांच्या सिद्धांताची परीक्षा घेण्यासाठी १८९६ ते १८९८ या काळात रॉयल सोसायटीच्या मोहिमांनी तिथे छिद्र पाडले आणि सुमारे ३४० मीटर खोल गेले. आत काय सापडते ते पाहिले, तेव्हा बेट रचणाऱ्यांच्या क्रमवारीत लिथोथॅम्नियन हे लाल शैवाल पहिले, हॅलिमेडा हे हिरवे शैवाल दुसरे, आणि प्रवाळ त्यांच्या मागे आले. ‘प्रवाळबेट’ हे नाव तरीही तसेच राहिले.

हॅलिमेडाबद्दलही लिहायला हवे, कारण त्याच्या अॅरागोनाइटच्या चपट्या पाकळ्या उष्ण समुद्रांतल्या वाळूचा मोठा भाग असतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात त्यांनी रचलेले उंचवटे ६,००० चौरस किलोमीटरांहून अधिक तळ व्यापून आहेत. त्याचे नातलग पेनिसिलस मेल्यावर सुयांएवढ्या बारीक अॅरागोनाइटच्या चिखलात विरून जाते आणि मागे ओळखण्याजोगे काहीच ठेवत नाही. शुद्ध ‘निर्जीव’ दिसणाऱ्या कित्येक चुनखडकांत असे बेनामी शैवाल किती असेल, हा प्रश्न मी दादाला विचारला. तो म्हणाला, ‘तू विचारत राहा, मी कापून बघत राहतो.’

किनाऱ्यावर बसून त्याने मॅर्लचा एक तुकडा भिंगाखाली बराच वेळ फिरवला, मग पुन्हा ओल्या वाळूत ठेवला आणि वही उघडली. स्थळ, सेंट मॉज. शेरा, ‘पेशीच्या भिंतीत’. खडकाच्या रकान्यात त्याने ‘अजून नाही’ असे लिहिले, कारण हे तुकडे गाडले जाऊन, दबून, सिमेंटने जखडले गेल्याशिवाय चुनखडक होत नाहीत. वयाच्या रकान्यात त्याने वरच्या गुलाबी थरासाठी शून्य मांडले, खालच्या खचासाठी प्रश्नचिन्ह, आणि परतीच्या नावेचा भोंगा वाजला तेव्हा वही मिटली.